मेंडोलिनची हद्द-मोजणी

खोली दाखवण्याआधी त्यांनी माझ्या हातात टेपचे एक टोक दिले.

"धरा," ते म्हणाले. "भिंतीला चिकटवून. ढिली सोडू नका, ओढू पण नका."

बॅग खांद्यावरच होती. मी तशीच भिंतीशी उकिडवी बसले आणि ते दुसरे टोक घेऊन समोरच्या भिंतीकडे गेले. लांबी झाली, रुंदी झाली, खिडकीची चौकट झाली, मोरीचा उंबरठा झाला, आणि सर्वांत शेवटी खोलीचे दोन्ही कर्ण. कर्ण जुळले तसा त्यांचा चेहरा उजळला.

"काटकोनात हाय. दोघांनी मिळून मोजलीय, उद्या लहान निघाली म्हणून भांडण नको. आता बघा, पसंत हाय का."

अंबाजोगाईत त्या दिवशी मी पाहिलेली ती चौथी की पाचवी खोली होती. आधीच्या कोणत्याही घरमालकाने मला कर्ण दाखवला नव्हता. मी तिथल्या तिथे होकार दिला.

मी शिरूर कासारची. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करायला अंबाजोगाईला आले होते आणि त्यानंतर कुठे जायचे, कोणती प्रवेशपरीक्षा द्यायची, हे सगळे मी आधीच ठरवून टाकले होते. माझ्या आखणीत घरमालक या प्राण्याला विशेष स्थान नव्हते. पण काकांना (मी त्यांना पहिल्या दिवसापासून काकाच म्हणत आले) कोणाच्याही आखणीत दुय्यम स्थान घेण्याची सवय नव्हती. ते जमीनमोजणीच्या खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले होते. हयात बीड जिल्ह्यातल्या शिवारांत गेली. कोणाचा बांध कुठे संपतो आणि शेजाऱ्याचा कुठे सुरू होतो, एवढे एकच काम त्यांनी केले, आणि निवृत्तीनंतर शेते हातची गेली म्हणून तेच काम त्यांनी घरात चालू ठेवले. वाळत घातलेल्या पापडांच्या रांगांमध्ये सारखे अंतर असे. चपला उंबरठ्याला समांतर असत. गच्चीवरची त्यांची खाट चारही कठड्यांपासून बरोबर मध्यावर असे. काकू एकदा मला म्हणाल्या, "अगं, लग्नात अंतरपाट धरला होता ना, तोसुद्धा यांनी खालून बोटानं सरळ केलता."

त्यांची सर्वांत विलक्षण सवय निराळीच होती. सरकारी मोजणीत ज्यांच्या जमिनी वादाच्या जमिनीला लागून असतात त्यांना 'लगतचे कब्जेदार' म्हणतात, आणि त्यांना आगाऊ कळवल्याशिवाय मोजणी करता येत नाही. काकांनी हा नियम आयुष्याला लावला होता. अंगणात शेवगा लावायचा तर त्याची सावली ज्यांच्या भिंतीवर पडणार त्यांना ते दोन दिवस आधी जाऊन सांगून आले. माझ्या खोलीत टेबल आले तेव्हा त्यांनी खालच्या मजल्यावरच्या भाडेकरू मास्तरांना विचारले, "वरून पाय घासल्याचा आवाज येईल, चालंल का?" मास्तर बिचारे गोंधळून म्हणाले, "साहेब, टेबलाला विचारा." कपडे वाळत घालायच्या दोरीवरून मास्तरीणबाईंची आणि माझी एकदा कुरबुर झाली, तेव्हा काकांनी दोरीच्या मध्यावर लाल दोरा बांधला आणि आम्हा दोघींना त्याच्या दोन बाजूंना उभे करून विचारले, "दोघींना मान्य?" आम्ही मान्य म्हटले. त्यानंतर खरोखरच कधी भांडण झाले नाही.

"हद्द भांडायसाठी नसती, पोरी," ते म्हणत. "हद्द झोपंसाठी असती. ठरली की माणूस गाढ झोपतो."

त्यांचे दुसरे आवडते वाक्य असे की नकाशा जमिनीचा असतो, जमीन नकाशाची नसते. हे ते प्रत्येक मोजणीच्या गोष्टीच्या शेवटी म्हणत, आणि गोष्टी त्यांच्याकडे पुष्कळ होत्या. मला आवडे ती दोन भावांची. बांधावरून दोघांची डोकी फुटायची वेळ आली होती. काकांनी मोजणीच्या लोखंडी साखळीचे एक टोक थोरल्याच्या हातात दिले, दुसरे धाकट्याच्या. "साखळी ओढून धरली की ती ताणती, जमीन कमी भरती. सैल सोडली की झोळ पडतो, जमीन जास्त भरती. दोघांनी एकमेकांच्या हाताचा अंदाज घेऊन धरली तरच मोजणी खरी. दिवसभर दोघं एकमेकांना 'ओढू नको', 'सोडू नको' म्हणत होते. संध्याकाळी एकाच्याच डब्यातलं खाल्लं दोघांनी."

मी त्यांना म्हटले की ताण आणि लांबी यांचा हा संबंध आम्हीही प्रयोगशाळेत अभ्यासतो. ते म्हणाले, "अभ्यासता. पण डबा कोण खातं?"

आता मेंडोलिन.

हे वाद्य काकांकडे तरुणपणापासून होते. पोटाशी नाशपतीसारखे फुगलेले, चार जोड्यांच्या आठ तारा, गळ्यावर बोटे दाबायचे आडवे पितळी पडदे. पोटावर, तारांच्या खाली, लाकडाचा एक छोटा पूल उभा असतो, त्याला घोडी म्हणतात. ही घोडी चिकटवलेली नसते. तारांच्या दाबाने ती जागेवर उभी राहते आणि बोटाने लोटली तर सरकते. तारेचा जो भाग नाद करतो त्याची लांबी गळ्याच्या टोकाशी असलेल्या वरच्या पट्टीपासून या घोडीपर्यंत मोजायची. थोडक्यात, स्वरांच्या शेताचा खालचा बांध म्हणजे घोडी. काकांच्या हाती दुसरे कोणतेही वाद्य पडले असते तरी चालले असते, असे मला वाटत नाही.

ते रोज संध्याकाळी ओट्यावर बसून वाजवीत. हात तयार होता आणि गोडवाही होता. फक्त बोटे गळ्याच्या मध्यापलीकडे गेली की प्रत्येक सूर किंचित चढा लागे. किंचित म्हणजे इतकाच, की ऐकणाऱ्याला दातात बडीशेप अडकल्यासारखे व्हावे. खालचे स्वर निर्मळ, वरचे चढे. पहिल्याच आठवड्यात मी जवळ जाऊन वाद्य पाहिले. घोडीच्या दोन्ही पायांपुढे कुंकवाची एकेक बारीक रेघ होती. पायांच्या मागे मात्र वार्निश घासून गेलेली, उघड्या लाकडाची फिकट पट्टी दिसत होती. एका बाजूला निमुळती, दुसऱ्या बाजूला थोडी रुंद.

"काका, ही मागे पट्टी कसली?"

"अतिक्रमण," ते म्हणाले आणि वाजवत राहिले.

उरलेला इतिहास काकूंनी सांगितला. आदल्या वर्षी दसऱ्याच्या पूजेला मेंडोलिन स्वच्छ करायचे म्हणून काकांनी आठही तारा एकदम काढल्या. तारा गेल्या, दाब गेला, घोडी घरंगळून देवघरापुढे पडली. शहाणा वाजवणारा एकेक तार बदलतो, तो यासाठीच. मग घोडी परत कुठे ठेवायची? जुनी खूण लाकडावर होती, पण काकांनी तिच्याकडे ढुंकून पाहिले नाही. त्यांनी स्टीलची पट्टी काढली. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो, हे त्यांना ठाऊक होते. वरच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढे अंतर, तेवढेच पुढे मोजले, तिथे काटकोनात घोडी बसवली आणि पूजेच्या ताटातल्या कुंकवाने हद्दीची खूण केली. पुढच्या वर्षीही आणि त्याच्या पुढच्याही, ती तिथेच राहावी म्हणून.

"आणि मग दिवाळीची पहाट आली," काकू म्हणाल्या आणि लसूण सोलायच्या थांबल्या.

बसस्टँडच्या वळणावर फळांचा गाडा लावणारे एक चाचा होते. ते पेटी वाजवीत. काकांचे मेंडोलिन आणि चाचांची पेटी यांची जोडी गावात जुनी; बारसे असो, उरूस असो, गणपती असो, दोघे शेजारी बसलेले. त्या पहाटे गल्लीतल्या मंडळींसमोर दोघे वाजवायला बसले. पेटीचे सूर पक्के, ते कोणासाठी सरकत नाहीत. मेंडोलिन वर चढले आणि दोन्ही वाद्ये एकमेकांना टोचू लागली. पोरे हसली. चाचांनी भाता थांबवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले:

"साहेब, घोडी एकदा मोजून बघा."

मोजणीत जन्म घालवलेल्या माणसाला 'मोजून बघा'! काका उठले, मेंडोलिन गवसणीत घातले आणि घरी आले. तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद होते.

बंद म्हणजे कसे, हे मला लवकरच कळले, कारण दोन्ही बाजूंची वाहतूक माझ्यावरून सुरू झाली. काका दर दोन दिवसांनी मला म्हणत, "येताना फळं आणा. वळणावरनंच आणा, दुसरीकडं चांगली नसत्यात." मी चाचांकडे जाई. चाचा टरबूज उचलून कानाशी धरत, बोटाने वाजवत, खाली ठेवत, दुसरे उचलत.

"हे घे बेटा. आतून लाल हाय, आवाजच सांगतो. साहेबाला सांगू नको मी निवडून दिलं म्हणून."

घरी काका टरबूज कापत, पहिली फोड खात आणि विचारत, "काय म्हणत होता?"

"काही नाही."

"हं," ते म्हणत. "गोड दिलंय." आणि पुढची फोड गंभीरपणे खात.

मला या प्रकाराची गंमत वाटे, आणि थोडा संतापही येई. दोन समंजस प्रौढ एका सहज तपासता येणाऱ्या गोष्टीवरून अबोला धरतात, हे माझ्या बुद्धीला पटत नव्हते. मी फोनवर सूर मोजायचे ॲप घेतले आणि ओट्यावर त्यांच्यासमोर धरले. मोकळी तार: काटा मध्यावर. बारावा पडदा: काटा उजवीकडे.

काकांनी फोनकडे, मग आकाशाकडे पाहिले. "ह्याला रेंज कुठली हाय? घरात आलं की तुमचा फोन लागत न्हाई, अन् माझ्या घोडीची हद्द त्याला लागली?"

"काका, याला रेंज लागत नाही."

"मंग तर ह्याला कुणाचाच धाक न्हाई."

मी ॲप पुसून टाकले.

हे असेच चालू राहिले असते. पण चाचांच्या नातीचे लग्न ठरले. ही मुलगी लहानपणी आईबरोबर चाचांकडे येई तेव्हा दुपारभर याच ओट्यावर असे. काकांना ती 'मोजणीनाना' म्हणायची. मेंडोलिनच्या पोटावर डोके ठेवून ती झोपायची आणि काका तिला जाग येऊ नये इतके हळू वाजवायचे. एकदा तिने विचारले होते की माझ्या लग्नात वाजवशील का, आणि काकांनी तिच्या हळदीला वाजवण्याचा शब्द दिला होता. काकूंच्या समोर दिला होता, म्हणजे पंचासमक्ष.

आमंत्रण द्यायला चाचा स्वतः आले. ओट्याच्या पायरीखालीच उभे राहिले. काकू म्हणाल्या, "वर या की, भाऊ." ते म्हणाले, "न्हाई वहिनी, गाडा उघडा हाय. घाटनांदूरला हाय कार्यक्रम, पोरीच्या घरी. हळदीला पेटी मी वाजवणार हाय." मग आतल्या दाराकडे पाहून थोड्या मोठ्या आवाजात, "साहेबांना सांगा."

आत काका टेपची गुंडाळी उगाचच उलगडत आणि गुंडाळत होते.

चाचा गेल्यावर ते म्हणाले, "जाऊ. जेवू. आशीर्वाद देऊ. वाजवणार न्हाई."

"पोरीला शब्द दिलाय तुमी," काकू म्हणाल्या.

"लोकांपुढं दुसऱ्यांदा हसं करून घेऊ का? पेटीपाशी बसलो की पुन्हा तेच."

"म्हंजे चढतंय, हे ठाऊक हाय तुमाला!"

काका टेपची गुंडाळी पुन्हा उलगडू लागले. मी जिन्यात उभी होते. त्या क्षणी मला पहिल्यांदा समजले की त्यांना ऐकू येत होते, रोज संध्याकाळी, प्रत्येक वरच्या सुराला. ऐकू येत होते आणि मोजणी मात्र बरोबर होती. त्यांना काय करावे ते कळत नव्हते. अशा अवस्थेत मी स्वतः प्रयोगशाळेत कित्येक दुपारी घालवल्या होत्या: वाचन अचूक, सिद्धान्त अचूक, आणि उत्तर चुकलेले. अशा वेळी माणसाला ॲप दाखवू नये.

दुसऱ्या दिवशी मी मेंडोलिनशेजारी जाऊन बसले.

"काका, तुमची मोजणी बरोबर आहे. मी पुन्हा मोजली तरी तेवढीच येईल."

त्यांनी संशयाने माझ्याकडे पाहिले.

"पण ती मोकळ्या तारेची मोजणी आहे. पडद्यावर बोट दाबले की तार खाली वाकते. वाकली की ओढली जाते. ओढलेली साखळी तुम्ही मोजणीला धरता का?"

त्यांनी बाराव्या पडद्यावर बोट ठेवले. दाबले. तार पडद्याकडे वाकताना पाहिली. सोडली. पुन्हा दाबली.

"ओढलेली साखळी," ते सावकाश म्हणाले, "न्हाई धरत."

"ओढीने सूर चढतो. तेवढा उतरवायचा तर तारेला थोडी जास्त लांबी द्यायची. घोडी मागे."

"किती?"

"ते पट्टीने नाही सांगता येत. तारेची जाडी, दाबायची उंची, सगळ्यावर आहे. कानानेच ठरवावे लागेल."

त्यांनी कुंकवाच्या एका रेघेवरून बोट फिरवले. मग उठून उभे राहिले आणि त्यांचा आवाज एकदम खात्यातला झाला. "हद्द हलवायची तर रीतसर मोजणी पाह्यजे. एकतर्फी न्हाई. लगतच्या कब्जेदाराला कळवा."

लगतचा कब्जेदार म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. मी वळणावर गेले.

"मी कावून येऊ?" चाचा म्हणाले. हातात मोसंबे होते, ते त्यांनी तीन वेळा पुसले. "त्यानं मला शिवी दिली असती तर चाललं असतं. गवसणी घालून उठून गेला तो. पेटी उघडी ठेवून मी एकटाच बसलतो, समद्यांपुढं."

"काकांनी रीतसर कळवायला सांगितले आहे. मोजणी सामनेवाल्यासमोरच होणार."

त्यांनी मोसंबे खाली ठेवले. "सामनेवाल्याला पुरावा आणता येतो का?"

"येत असावा."

"मंग पेटी घेऊन येतो."

शुक्रवारी नमाज झाल्यावर चाचा आले. ओट्यावर सतरंजी होती, मध्ये मेंडोलिन. काकू पंच म्हणून बसल्या, भाजी निवडत. काकांनी धुतलेला सदरा घातला होता.

"अर्जदार, मी," काकांनी सुरुवात केली. "सामनेवाले, हे. वादाची जागा, घोडी."

"एक मिनिट," चाचा म्हणाले. "अर्जदार तुमी कसे? अर्ज मी केलता, दिवाळीला, समद्या गल्लीपुढं."

"तो फेटाळला होता."

"मंग हे अपील हाय."

"बरं, अपील धरा," काका म्हणाले. काकूंनी पदर तोंडाला लावला.

पद्धत मी सुचवली, हुकूम काकांनी सोडला. तारा फक्त सैल करायच्या, काढायच्या नाहीत. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून छेडले की घंटेसारखा एक स्वच्छ सूर निघतो, तो खरा. तिथेच दाबून छेडले की दुसरा निघतो, तो वादातला. दोन्ही एक होईपर्यंत घोडी केसाकेसाने मागे न्यायची, दर वेळी तारा पुन्हा जुळवायच्या. चाचांनी पेटीवर सूर धरला. काकांनी स्पर्श केला, दाबले, घोडी लोटली. चाचांनी भाता एका हाताने चालू ठेवत वाकून मेंडोलिनच्या पाठीला कान लावला, अगदी टरबुजाला लावतात तसा.

"कच्चं हाय."

आणखी थोडी.

"अजून कच्चं."

"मेंडोलिन हाय, टरबूज न्हाई," काका म्हणाले.

"सरकव बे, बोलू नको."

वर्षभरानंतरचा तो पहिला 'बे' होता. काकांनी मान खाली घातली आणि घोडी सरकवली. बारीक तारांचे दोन्ही सूर एकमेकांत मिसळले, टोचायचे थांबले. "पिकलं," चाचा म्हणाले. पण जाड तारा अजून चढ्याच होत्या. मी सांगितले की जाड तार दाबली की सूर जास्त चढतो, म्हणून त्या बाजूचा घोडीचा पाय आणखी मागे जायला हवा.

काकांनी हात काढून घेतला.

"म्हंजे घोडी तिरकी?"

"थोडी तिरकी."

"न्हाई जमणार. मागं घ्या म्हणालात, घेतली. तिरकी हद्द मी कधी आखली न्हाई." ते मागे सरकून भिंतीला टेकले. त्यांच्या आवाजात हट्ट नव्हता, आणि मला तेच अवघड वाटले. माझ्याकडचे शास्त्र संपले होते. काकूंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. हळद चार दिवसांवर आली होती.

चाचांनी भाता बंद केला. "साहेब, एक विचारू? एवढं शिवार तुडवलं तुमी. आष्टीपासून परळीपर्यंत. सरळ बांध कुठं बघितला?"

काकांचे बोट सतरंजीच्या काठावरून फिरू लागले.

"एक तरी? ओढा आला की बांध वळतो. झाड आलं की वळतो. बापानं नांगर जसा फिरवला तसा बांध. तुमी नकाशात काय काढलं? सरळ?"

"जसा हाय तसा," काका पुटपुटले.

"कावून?"

"नकाशा जमिनीचा असतो म्हणून."

वाक्याचा दुसरा अर्धा भाग ते बोललेच नाहीत. पुढे सरकले, दोन बोटांनी घोडीचा जाड तारांकडचा पाय मागे लोटला, तार जुळवली, स्पर्श केला, दाबले. चाचांनी कान लावला. डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत. काकू घाबरून म्हणाल्या, "भाऊ?"

"लाल हाय आतून," चाचा म्हणाले. "लई लाल."

आणि मग काकूंनीच ते पाहिले. "अहो, ती पट्टी गेली की."

आम्ही सगळे वाकलो. घोडीच्या मागची फिकट पट्टी दिसेनाशी झाली होती. घोडीचे दोन्ही पाय घासलेल्या लाकडावर नेमके बसले होते, त्याच तिरक्या रेषेत. दसऱ्याआधी वर्षानुवर्षे घोडी जिथे उभी होती, ती हीच जागा. कोण्या कारागिराने कधीकाळी कानाने ठरवलेली. काकांनी ज्याला अतिक्रमण म्हटले होते ती मूळ हद्द होती. अतिक्रमण कुंकवाच्या रेघेने केले होते.

"वहिवाट," चाचा म्हणाले. वर्षानुवर्षे जो जिथे नांदला, तो त्याचा हक्क. शिवारातल्या भांडणांत हा शब्द काकांनी हजारदा ऐकला असेल.

"वहिवाट शाबीत," काकांनी निकाल दिला. मग जरा थांबून म्हणाले, "पण नोंद घ्या, मोजणीत चूक न्हवती. साखळीला ओढ होती."

"कबूल," चाचा म्हणाले, अगदी लगेच. मला त्यांच्या त्या घाईचे फार कौतुक वाटले.

घाटनांदूरला आम्ही जीपने गेलो. घोडी सरकू नये म्हणून काकांनी तारांखाली दुमडलेला रुमाल खोचला होता आणि मेंडोलिन मांडीवर घेतले होते. प्रत्येक खड्ड्याला ते चालकाला म्हणत, "सावकाश, बाळंतीण हाय." अंगणात मांडवाखाली दुपारी हळद झाली. चाचा पेटीमागे बसले, काका शेजारी. मध्ये एक वीत अंतर, ते त्यांनी डोळ्यांनीच मोजले असणार. बोटे गळ्याच्या मध्याकडे जाऊ लागली तशी मी श्वास धरला. चाचांनीही धरला असावा, कारण भाता क्षणभर मंदावला. मग मेंडोलिन वर गेले, पेटी त्याच्याबरोबर गेली, आणि दोघांत कुठे सांधा होता ते मला ओळखता आले नाही. पिवळ्या चेहऱ्याची नवरी दोन्ही हात मेंदीमुळे हवेत धरून बसली होती. "मोजणीनाना," ती तिथूनच ओरडली, "झोप येती बघा!" सगळा मांडव हसला, आणि काका आणखी हळू वाजवू लागले.

वाजवून झाल्यावर, तिची मेंदी वाळली तेव्हा, काकांनी तिला बोलावले. हद्दीची खूण लगतच्या कब्जेदाराच्या घरच्या माणसाने करायची असते, असे त्यांनी जाहीर केले. असा नियम कुठेही नाही, हे मी नंतर विचारून खात्री केली. तिने मेंदीचा कोन घेतला आणि घोडीच्या दोन्ही पायांशी एकेक ठिपका दिला. वार्निशवर मेंदी रंगत नाही हे मी सांगणारच होते. पण कडेला जिथे लाकूड उघडे होते तिथे ती धरली.

आता मी दूरच्या शहरात एका प्रयोगशाळेत मापनयंत्रे तपासण्याचे काम करते. जे ठरवले होते त्यातले बरेच झाले, काही व्हायचे आहे. गेल्या दसऱ्याला अंबाजोगाईला गेले तर देवघरापुढे मेंडोलिन पूजेला मांडलेले होते. कुंकू खुंट्यांना लावले होते. घोडीच्या आसपास कुंकवाचे बोटही लावलेले नव्हते. जुन्या रेघा पुसट झाल्या होत्या, मेंदीचे ठिपके तपकिरी होऊन टिकले होते. चाचा ओट्यावर सीताफळे फोडत बसले होते आणि काकांसमोर खालच्या मजल्यावरचा एक नवा भाडेकरू, गणिताचा विद्यार्थी, वाद्य निरखत होता.

"आजोबा, ही घोडी वाकडी बसलीय."

चाचांनी सीताफळाची बी ओठांतच थांबवली.

काकांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली आणि त्या मुलापुढे धरली. चेहऱ्यावर असे समाधान, जसे खोलीचे कर्ण जुळल्यावर असते.

"मोजून बघा," ते म्हणाले. "अर्ध्यावर न्हाई. सरळ न्हाई. बरोबर हाय."